एक्केचाळीस नंबरचा पैलवान

आमच्याकडे पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांत दारामागे नियमांचा कागद लावलेला आहे. नारळाच्या झाडाखाली खुर्च्या ओढून बसू नये, हा पहिला नियम. विहिरीजवळ मुलांना एकटं सोडू नये, हा दुसरा. सातवा असा आहे: तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात पैलवान देऊ नयेत. दिवेआगरात पाहुणे ठेवणारी बरीच घरं आहेत, पण हा सातवा नियम आमच्याच घरात सापडेल. तो मी लिहिला, मी टाईप करून आणला, प्लास्टिकमध्ये घालून मीच चिकटवला. आणि मोडला तोही मीच.

पैलवान रबराचे आहेत. दीड इंचाचे, फार तर दोन. आमचे हे बोटीवर फिटर होते. जपानच्या बंदरात उतरलं की दुकानांबाहेर यंत्रं असायची. नाणं टाकायचं, कान पिळायचा, खाली प्लास्टिकचा गोळा पडायचा आणि त्यात एक पैलवान निघायचा. कोणता निघेल ते आपल्या हातात नाही. ते सगळे एका जपानी चित्रकथेतले कुस्तीगीर. पुढे त्या चित्रकथेवरून टीव्हीला जोडून खेळायचे गेमही निघाले, असं हे सांगतात. तिकडची मुलं ह्यांना खोडरबर म्हणायची, पण आमच्या मुलाने शाळेत असताना एकदा वापरून पाहिलं तर वही काळी झाली.

दिसायला माणसं म्हणावीत असे त्यांत थोडेच. एकाच्या मानेवर डोक्याऐवजी किटली, एकाला खेकड्याच्या नांग्या, एक पाट्यासारखा सपाट. खाली जपानी अक्षरं आहेत, ती आम्हाला वाचता येत नाहीत. म्हणून मी यादी केली ती वर्णनावरून. सात: किटली. एकोणीस: खेकडा, उजवी नांगी तुटकी. तेहतीस: बाईसारखे केस, मिशा आहेत. एक्केचाळीस: बसका, गोल, तपकिरी, डोकं छातीत घातलेलं. एकूण चौसष्ट. ह्यांनी सागाच्या पट्ट्यांची आठ बाय आठ खणांची उथळ पेटी करून घेतली, मी खणांवर आकडे चिकटवले. त्या मोठ्या वादळात छपराची कौलं पानांसारखी उडत होती, निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हा मी कागदपत्रांची पिशवी घेऊन आतल्या घरात धावले आणि हे ही पेटी घेऊन. चार वर्षं ह्यावरून मी त्यांना ऐकवत होते.

दुपारी जेवणं झाली की हे पाहुण्यांबरोबर कुस्त्या लावतात. पेटीचं झाकण म्हणजे आखाडा. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, दोघांनी दोन बाजूंनी बोटांनी झाकण ठोकायचं. ज्याचा पैलवान आडवा पडेल तो हरला. बँकेतले मोठे अधिकारी ह्या खेळात भांडताना मी पाहिले आहेत. एक्केचाळीस नंबर सहसा पडत नाही, कारण तो आधीच बसलेला आहे. हे त्याला लपवून ठेवतात आणि शेवटी काढतात.

नियम मोडला त्या वेळी आमच्याकडे एक जोडपं तीन दिवस राहून गेलं. मुंबईचं, दोघं नोकरी करणारी, बरोबर पावणेदोन वर्षांची मुलगी. मुलीचा एक छंद होता. ह्या भांड्यातली वस्तू त्या भांड्यात टाकायची. पहिल्याच दिवशी माझा चष्मा कणकेच्या डब्यात निघाला. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाच्या गाडीभाड्याची पावती ताकाच्या भांड्यात. तिला थोडी सर्दी होती, नाक वाहत होतं, अधूनमधून खोकायची.

निघायच्या दिवशी सकाळी गडबड होती. त्यांची भाड्याची गाडी नऊला येणार होती. दिघीहून फेरीबोटीने खाडीपलीकडे, मग मुरूड, काशीद, अलिबाग करत रेवसला गाडी सोडायची आणि तिथून लाँचने भाऊचा धक्का. दुपारची लाँच चुकवायची नव्हती. मुलीची आई बॅगा भरत होती, बाप आंघोळीला. मी ओटवणावर, पडवीतल्या कट्ट्यावर, त्यांच्यासाठी कोकमं आणि पोह्याचे पापड बांधत होते. मुलगी पायांत घुटमळत होती, पापड ओढत होती. मला काम उरकायचं होतं. मी पैलवानांची पेटी काढली, तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "बस इथे, खेळ."

दहा मिनिटं. फार तर बारा. माझी पाठ तिच्याकडे होती.

त्यानंतर आमच्या सासूबाईंनी मुलीच्या आईची ओटी भरली. आमच्याकडून लेकुरवाळी बाई निघाली की त्या ओटी भरतातच. मी सुरुवातीला म्हटलं होतं, "आई, ही माणसं पैसे देऊन राहतात." तर म्हणाल्या, "पैसे दिले म्हणून ती पाहुणी नाय काय?" तेव्हापासून ओटीचं तबक तयार करणं माझ्या सकाळच्या कामांच्या यादीत आहे. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड आणि पाच सुपाऱ्या. सुपारीची वाडी असून ओटीत एकच सुपारी घालायची हे सासूबाईंना पटत नाही. ओटी त्या मधल्या घरात, देवापुढे भरतात. तिथे दिवसासुद्धा उजेड कमीच. मुलीची आई जीन्समध्ये होती, तिने गळ्यातली ओढणी पुढे केली. सासूबाईंनी तांदूळ घातले, चाचपून चाचपून सुपाऱ्या घातल्या, वर नारळ ठेवला आणि गाठ मारून दिली.

"वाटेत सोडू नको हां बाय. घरी जाऊन देवापुढे सोड आणि त्या तांदळाचा भात कर. गोडाचा केलास तर बरा."

"हो आजी."

गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली. मी चादरी काढल्या, न्हाणी धुतली, विसरलेल्या वस्तूंची यादी केली. एक छोटा मोजा, एक चार्जरची वायर. मग पेटी जागेवर ठेवण्याआधी पैलवान मोजले. त्रेसष्ट.

परत मोजले. आडवे आठ, उभे आठ. एक्केचाळीसचा खण रिकामा होता.

मी पलंगाखाली शिरले. सोफ्याच्या गाद्या काढल्या. कणकेचा डबा, डाळीचे डबे, तांदळाची कोठी, सुपारीचा डबा, ताकाचं भांडं, सगळं उलटं करून पाहिलं. सासूबाई झोपाळ्यावर बसून माझी झटापट ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुझं लक्षच नाय गो आज. सकाळी तबकात सुपारीपण एक जास्त ठेवलीस. उरली ती मी डब्यात टाकली." मी तेव्हा कपाटाच्या मागे हात घालून होते. ऐकलं आणि कानामागे टाकलं.

मग मला सकाळचा नाश्ता आठवला. घावन खाताना मुलीला ठसका लागला होता. डोळ्यांत पाणी आलं, तोंडातून लाळ आली. तिच्या आईने पाठीवर थापटलं, मी पाणी दिलं, विषय संपला. पण घावन आधी की पेटी आधी? मी ओटवणावर बसले आणि सकाळचा क्रम कागदावर लिहून काढला. साडेसात, चहा. पावणेआठ, पापड बांधायला घेतले, पेटी दिली. आठ, नाश्ता. म्हणजे पेटी आधी आणि ठसका नंतर.

हे वाडीतून आले. मी सांगितलं.

"असेल इथेच. एवढा पैलवान ती गिळेल कशी?"

मी चाळीस नंबरचा काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला. "एक्केचाळीस ह्याच्याहून बुटका आहे. सांगा, पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या घशात हा जाईल की नाही?"

त्यांनी तो बोटांत फिरवला आणि खाली ठेवला. बोटीवर काही बिघडलं की आधी आवाज ऐकायचा, मग हात लावायचा, असं ते नेहमी सांगतात. त्या दिवशी त्यांना ऐकायला काही नव्हतं.

फोन करायचा की नाही, ह्यात माझी वीस मिनिटं गेली. खरं ते लिहिते. पैलवान घरातच कुठे असला तर मी त्या आईला विनाकारण भर रस्त्यात घाबरवणार. आणि नसला तर एकेक मिनिट जातंय. शिवाय तिसरी गोष्ट, ती मी स्वतःलाही मोठ्याने सांगत नव्हते. फोन केला की सांगावं लागणार होतं, पेटी मी दिली.

साडेदहाला फोन लावला. लागला नाही. दिघीच्या जेट्टीला रेंज जाते. मेसेज टाकला, तो पोचला नाही. अकराला लावला, साडेअकराला लावला. मुरूडच्या पुढचा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता, ती वळणं, गाडीत मागे झोपलेलं पोर, मान एका बाजूला पडलेली. झोपेत घशातली वस्तू सरकते का? मला माहीत नव्हतं. मी भात टाकला होता, तो करपला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

बाराला फोन लागला. ते काशीदला जेवायला थांबले होते. मागून थाळ्यांचा आवाज येत होता.

"काकू, बोला ना! आमचं काही राहिलं का?"

मी एका दमात सांगितलं. पेटी मी दिली हे आधी सांगितलं, कारण नंतर सांगायला जमलं नसतं.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "अरे, तिचं तोंड उघड. तोंड उघड तिचं आधी." मुलगी रडायला लागली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं. रडतेय म्हणजे श्वास चाललाय.

"काकू, ती सकाळपासून नीट खात नाहीये. आत्ता वरण-भातसुद्धा नको म्हणाली. लाळ गळतेय. मला वाटलं दात येतायत."

"अलिबागला जा. सरळ मुलांच्या डॉक्टरांकडे. जेवत बसू नका. तिला काही खायला-प्यायला देऊ नका." हे शेवटचं कुठे वाचलं होतं कोण जाणे, पण मी ठामपणे सांगितलं.

पुढचा दीड तास मी घर पुन्हा शोधलं. ह्या वेळी खोलीचे चौकोन पाडून, एकेक चौकोन झाला की कागदावर फुली. हे मोटारसायकल काढून अलिबागला निघतो म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. वाडीत जा, पाटाच्या कडेने बघा." ते गेले. मला माहीत होतं, मुलगी वाडीत गेलीच नव्हती. पण ते समोर उभे राहिले असते तर मी रडले असते.

दीडला फोन आला. छातीचा फोटो काढला होता. डॉक्टरांनी सांगितलं की रबर फोटोत नीट दिसेलच असं नाही. छातीत थोडी घरघर आहे, ती सर्दीचीही असू शकते. खात्री करायची तर मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेऊन, भूल देऊन, नळीने आत पाहावं लागेल. वस्तू गेल्याची खात्री असेल तर थांबू नका, रुग्णवाहिका सांगतो, असं ते म्हणत होते.

"काकू," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला एकच सांगा. नक्की त्रेसष्टच आहेत? तुमची मोजायला चूक नाही ना झाली?"

"मी अकरा वेळा मोजले."

"म्हणजे नक्की?"

"नक्की."

"मग मी हो म्हणते त्यांना. एवढ्याशा पोरीला भूल..." पुढे तिला बोलता येईना. फोन तिच्या नवऱ्याने घेतला. "कागद भरून घेतायत काकू. पाच मिनिटांत करतो."

फोन ठेवला आणि मी ओटवणावर तशीच उभी राहिले. माझ्या मोजणीवर ती सही करणार होती. आयुष्यभर लोकांनी माझी चेष्टा केली आहे. लग्नात पंगतीला किती पानं लागतील हे मी आधी सांगितलं आणि तितकीच लागली, तेव्हा सगळे हसले होते. मोजण्यात मी चुकत नाही. सकाळी तबकातसुद्धा पाच सुपाऱ्या मी पाचच...

सुपारीपण एक जास्त ठेवलीस.

मी एक जास्त ठेवली नव्हती. एक, दोन, तीन, चार, पाच, मोठ्याने म्हणत ठेवल्या होत्या, आणि मुलगी शेजारी उभी राहून तबकाला हात लावत होती. पाच ठेवल्या आणि एक उरली. म्हणजे तबकातून पाच गोल वस्तू ओटीत गेल्या, त्यातली एक सुपारी नव्हती.

मी धावतच मधल्या घरात गेले. "आई, ओटीत सुपाऱ्या घातल्यात त्या बघून घातल्यात का?"

"बघायचं काय त्यात? हाताला कळतात."

"दिसल्या का तुम्हाला?"

त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने आता काय दिसत नाय गो. उजव्याने उजेडात दिसतं."

मी फोन लावला. उचलेना. परत लावला. तिनेच उचलला.

"ओटी सोडा," मी म्हटलं. "सकाळची ओटी. आत्ताच्या आत्ता."

"काय?"

"ओढणीची गाठ सोडा. सही केलीत का?"

"करतोय. काकू, आजी म्हणाल्या होत्या वाटेत सोडू नको. आणि आता हे असं चाललंय, आत्ता काही अशुभ नको हो मला." शिकलेली, संगणकावर काम करणारी मुलगी. पण पोर डॉक्टरच्या टेबलावर असताना कोणतीही आई ती गाठ सोडायला कचरली असती. मीही कचरले असते.

सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"सोड बाय. मी भरली, मीच सांगतेय सोड म्हणून. काय होत नाय. दोष लागला तर माझ्या डोक्यावर, मी म्हातारी हाय."

मग पलीकडून कापडाचा आवाज आला. नारळ कशावर तरी ठेवल्याचा आवाज. तांदूळ फरशीवर पसरल्याचा आवाज, बराच वेळ. कोणीतरी म्हणालं, "अहो, हे काय करताय इथे?" मी डोळे मिटून सुपाऱ्या मोजत होते. तिच्या नाही, माझ्या मनातल्या.

"काकू." ती हसत होती की रडत होती ते कळेना. "आहे. आहे इथे. चार सुपाऱ्या आणि हा. ह्याच्या डोक्याला कुंकू लागलंय."

मी खाली बसले. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि देवासमोर जाऊन दिव्यात तेल घातलं.

घरघर सर्दीचीच होती. औषध मिळालं, दाढ येत होती म्हणून लाळ. त्यांची लाँच चुकली, पुढची मिळाली. त्या मुलीच्या आईने दवाखान्याच्या फरशीवरचे तांदूळ गोळा केले आणि घरी जाऊन त्यांचा गोड भात केला, तसा फोटोही पाठवला. मी तिला लिहिलं, पैलवान तुमच्याकडेच राहू दे, आता तुमच्या मुलीला तीन वर्षं होईपर्यंत उंच ठेवा. ती म्हणाली, "आजींना विचारलं मी. ओटीत आलेलं परत द्यायचं नसतं म्हणाल्या." ह्यांना हे सांगितलं. "पडत नसे तो कधी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझी वर्षाची यादी काढली. तीत 'आई – डावा डोळा, मोतीबिंदू' असं लिहिलेलं होतं, पुढे 'हंगाम संपल्यावर'. आधीच्या वर्षीच्या यादीतही होतं, अगदी त्याच शब्दांत. त्याच्याही आधीच्या. पाहुण्यांच्या प्रत्येक मोज्याची मी नोंद ठेवली होती, आणि घरातलं माणूस तीन हंगाम चाचपडत ओट्या भरत होतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या आठवड्यात पाहुण्यांची दोन बुकिंगं रद्द करून आम्ही अलिबागला गेलो. आता त्यांना दिसतं. तरी ओटी भरताना त्या एकेक सुपारी आधी माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "ही सुपारीच ना?" मी हो म्हणते, मगच घालतात. त्यांना ती चेष्टा वाटते. मला नाही.

पेटीवरचा एक्केचाळीस आकडा मी काढलेला नाही. रोज संध्याकाळी पैलवान मोजते. त्रेसष्ट येतात, आणि दर वेळी, चौसष्टावा मुंबईला आहे हे आठवेपर्यंत, मी पलंगाखाली बघायला वाकलेली असते.